अपघाताचा मालक कोण?

संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांची गर्दी ऐन भरात असते, त्या वेळी दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद, मुंबई वा पुणे यांपैकी कोणत्याही शहराच्या बाजारपेठेत एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. रस्ता मोटारींनी तुंबलेला असतो. पदपथाचा अर्धा भाग खोदकामाने, विजेच्या पेट्यांनी आणि उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांनी अडवलेला असतो. उरलेल्या हातभर वाटेवरून माणसे एकामागे एक सरकत असतात. आणि त्यांच्यामधूनच, पाठीमागून, कसलाही आवाज न करता, पाठीवर चौकोनी पेटी बांधलेला एक तरुण विजेच्या दुचाकीवरून वाट काढीत पुढे येतो. एखादी म्हातारी दचकून बाजूला होते, एखाद्या मुलाच्या पायाला चाक घासते, कधी कोणी खाली पडते. शिवीगाळ होते, चार माणसे जमतात, तरुणाची गचांडी धरली जाते. तो हात जोडतो. पण त्याची नजर मात्र मोबाइलच्या पडद्यावर सरकणाऱ्या मिनिटांवर खिळलेली असते.

दुसऱ्या दिवशी सुखवस्तू वस्त्यांतून 'बेशिस्त पोरां'विरुद्ध तक्रारी सुरू होतात. पोलीस चार दिवसांची मोहीम काढतात, दंडाच्या पावत्या फाडतात, आणि पाचव्या दिवशी सारे पूर्ववत होते. या सबंध गदारोळात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. पडलेली बाई बहुधा रिक्षाचे पैसे परवडत नाहीत म्हणून पायी चाललेली असते, आणि तिला पाडणारा तरुण नगामागे मिळणाऱ्या मजुरीसाठी धावत असतो. दोन कष्टकरी एकमेकांच्या अंगावर घातले जातात, आणि ज्याच्या हिशेबासाठी हे सारे घडते तो तिसरा मात्र नामानिराळा राहतो. विजेच्या दुचाकीचा प्रश्न विचारात घेताना या तिसऱ्याला हुडकून काढणे हेच मुख्य काम आहे.

आकडे काय सांगतात?

भारतातील रस्ते हे गरिबांचे वधस्थान बनले आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे दररोज सरासरी ९० माणसे केवळ पायी चालत असताना प्राणास मुकली. याखेरीज ७४,८९७ जण दुचाकीवर स्वार होते. पादचारी आणि दुचाकीस्वार यांची बेरीज केली, तर दर शंभर मृतांमागे ६४ जण या दोन वर्गांतील ठरतात.

या बळींपैकी फार मोठा भाग मोटारी, मालट्रक, बसगाड्या आणि पेट्रोलच्या दुचाकी यांनी घेतलेला आहे, विजेच्या दुचाकीने नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. विजेवर चालणारे वाहन हे स्वतः काही संकट नाही. पेट्रोलच्या धुराने ज्यांची फुप्फुसे काळवंडतात त्यांत रस्त्याकाठी राहणारे, रस्त्यावर विकणारे आणि रस्त्यावर राबणारे हेच आघाडीवर असतात. धूर कमी झाला तर पहिला लाभ त्यांचाच आहे. सरकारने २०१५ पासून अशा वाहनांसाठी सार्वजनिक तिजोरीतून अनुदानाच्या योजना राबवल्या. २०१९ ची दुसरी योजना १०,००० कोटी रुपयांची होती, आणि ऑक्टोबर २०२४ पासूनची योजना १०,९०० कोटींची. दिल्ली सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या योजनेनुसार प्रवासी आणि माल घरपोच करणाऱ्या कंपन्यांचा सारा ताफा १ एप्रिल २०३० पर्यंत विजेवर आणावयाचा आहे. म्हणजे ही वाहने वाढणार, आणि वाढलीही पाहिजेत. प्रश्न आहे तो ती कोणत्या नियमांखाली आणि कोणाच्या फायद्यासाठी धावणार, हा.

नियमातील पळवाट

केंद्रीय मोटार वाहन नियमांत एक तरतूद आहे. ज्या बॅटरीवरील दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन ६० किलोपर्यंत आहे, ती कायद्याच्या दृष्टीने 'मोटार वाहन' समजली जात नाही. तिला नोंदणी लागत नाही, क्रमांकाची पाटी लागत नाही, चालवणाऱ्याला परवाना लागत नाही, हेल्मेटची सक्ती नाही, विम्याचीही नाही. शाळकरी मुलगी, वृद्ध शिक्षक, छोटा दुकानदार यांना स्वस्त आणि संथ वाहन मिळावे, हा या सवलतीमागचा हेतू म्हणून सांगितला जातो, आणि तो वाईट नाही.

परंतु भांडवलाची दृष्टी सवलतीच्या हेतूकडे नसते, तिच्या फटीकडे असते. घरपोच मालाच्या व्यापाराने ही सवलत हेरली. ज्याच्याजवळ परवाना नाही, तो काढण्यासाठी लागणारा पैसा नाही, शहरात राहत्या जागेचा पुरावा नाही, असा गावाकडून आलेला तरुण अशा दुचाकीवर आज भाड्याने बसवला जाऊ शकतो आणि आजच कामाला लावला जाऊ शकतो. मजुरांचा पुरवठा वाढला, विम्याचा हप्ता वाचला, नोंदणीचा खर्च वाचला. खाजगी सोयीसाठी दिलेली सूट अशा रीतीने धंद्याचे भांडवल झाली. दिवसातून दहा-बारा तास, पाठीवर ओझे घेऊन, बाजारातून धावणारी दुचाकी आणि आठवड्यातून दोनदा भाजी आणायला निघालेली दुचाकी या दोहोंना कायदा एकच समजतो!

ताशी २५ किलोमीटर म्हणजे संथच नव्हे काय, असे विचारले जाते. रस्त्यावर मोटारींच्या शेजारी तो संथ खराच. पण पदपथावर त्याचे मोजमाप बदलते. पायी चालणारा माणूस तासाला फार तर पाच किलोमीटर जातो. त्याच्या पाचपट वेगाने, सेकंदाला सुमारे सात मीटर या गतीने, गाडी, स्वार आणि माल मिळून सव्वाशे-दीडशे किलोचा भार त्याच्या पाठीवर येत असतो. ब्रेक दाबण्याचे भान येण्यास एक सेकंद लागला, तरी तेवढ्यात सात मीटर मागे पडतात. शिवाय हा वेग कागदावरचा आहे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तालयाला खास तपासणी मोहीम काढावी लागली, ती याच कारणासाठी. मान्यता घेतलेल्या रचनेत फेरफार करून, मोटारीची शक्ती आणि वेग वाढवून अशा गाड्या विकल्या जात असल्याचे आढळले होते. म्हणजे वेग मोटार वाहनाचा आणि जबाबदारी सायकलची! जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, की प्राणघातक अपघाताची जोखीम चार टक्क्यांनी वाढते. ही वाढ कोणाच्या हाडांवर वसूल होते, हे सांगावयास नको.

आणि अपघात झालाच तर? मोटार वाहन कायद्याखाली प्रत्येक मोटार वाहनाला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, आणि भरपाईसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे आहेत. परंतु जे वाहन मुळात 'मोटार वाहन' नाही त्याला ही सारी यंत्रणा लागू होत नाही. क्रमांक नाही म्हणून गाडी सापडत नाही, आणि सापडली तर विमा नाही. मांडीचे हाड मोडलेल्या म्हातारीने मग दिवाणी दावा लावावा, आणि तोही कोणावर, तर ज्याच्या खिशात दुसऱ्या दिवशीच्या गाडीभाड्याचे पैसे नाहीत त्या पोरावर.

न वाजणारे संकट

यात वाहनाच्या नीरवतेची भर पडते. शहरी माणूस रस्ता केवळ डोळ्यांनी ओलांडत नाही, कानांनीही ओलांडतो. अंधांचा तर सारा आधार कानांवर असतो. पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज ही कटकट होती खरी, पण ती सूचनाही होती. अमेरिकेत यासंबंधी २०१० साली कायदा झाला. युरोपीय संघात विजेच्या मोटारींच्या नव्या बनावटींना १ जुलै २०१९ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना १ जुलै २०२१ पासून, मंद गतीत असताना कृत्रिम आवाज करणारे यंत्र सक्तीचे झाले. भारत सरकारनेही सप्टेंबर २०२५ मध्ये याच धर्तीवर नियमाचा मसुदा काढला. परंतु तिन्ही ठिकाणी हे बंधन मोटारी आणि त्यांहून मोठ्या वाहनांपुरते आहे. मोटार पदपथावर क्वचित चढते. दुचाकी रोज चढते. ज्या देशात रस्त्यावरील वाहनांत दुचाकीचाच भरणा अधिक, त्या देशाने श्रीमंत देशांचा नियम जसाच्या तसा उचलावा आणि दुचाकीला वगळावे, यात कोणता विवेक आहे?

घड्याळ कोणाचे?

तथापि खरे इंजिन गाडीत नाही. ते कंपनीच्या संगणकात आहे. हा व्यापार वाढला तोच 'दहा मिनिटांत घरपोच' या आश्वासनावर. कंपन्यांचे समर्थक सांगतात की गोदाम ग्राहकाच्या घराजवळच असते, म्हणून वेगाने जाण्याची गरज नाही, आणि उशीर झाल्याबद्दल कामगाराला दंडही होत नाही. हे क्षणभर खरे मानू. तरीही मजुरी नगावर आहे, वाट पाहण्याच्या वेळेला मोल नाही, आणि कोणाला किती काम द्यावयाचे हे न दिसणारी संगणकीय आज्ञावली ठरवते. जेथे नगामागे मजुरी, तेथे मुकादमाने चाबूक उगारण्याची गरज उरत नाही. पोटच चाबूक होते. नगाचा दर एवढा खाली ठेवला, की चौदा फेऱ्या केल्याशिवाय दिवस भरत नाही, म्हणजे लाल दिवा ओलांडण्याचा हुकूम लेखी देण्याची आवश्यकता राहत नाही.

नीती आयोगाने जून २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात अशा कंत्राटी स्वरूपाच्या फुटकळ कामावरील कामगारांची संख्या ७७ लाख सांगितली होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज वर्तवला होता. एवढ्या प्रचंड श्रमिकसमूहाला कामगार म्हणावयास मालकवर्ग तयार नाही. तो त्यांना 'भागीदार' म्हणतो. हा कसला भागीदार, की ज्याला तोट्यात पूर्ण वाटा आणि नफ्यात काहीच नाही? संसदेने २०२० साली मंजूर केलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आणलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही या कामगारांची व्याख्या 'मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचे' अशीच केली आहे. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीत द्यावी, एवढीच तिची झेप आहे. निधीची तरतूद स्वागतार्ह असली, तरी धर्मादाय देणगी आणि मालकाची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुंबईच्या कामगार चळवळीला हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप लढवला, तो मुख्यतः तितक्याच माणसांकडून अधिक मागांचे काम करून घेण्याच्या मालकांच्या योजनेविरुद्ध. यंत्राचा वेग कोणी ठरवावयाचा, हाच तेव्हाही मुद्दा होता. पुढे कारखान्यांसंबंधी कायदे झाले, आणि १९४८ च्या कायद्याने फिरत्या यंत्राभोवती कुंपण घालण्याची सक्ती मालकावर केली. कामगाराचा हात यंत्रात सापडला तर 'तो बेसावध होता' एवढे सांगून मालकाची सुटका होणार नाही, हे तत्त्व लढून मिळवलेले आहे. आजच्या घरपोच व्यापाराने काय केले? त्याने कारखान्याच्या भिंतीच काढून टाकल्या. सबंध शहराचा रस्ता आणि पदपथ हाच त्याचा कामाचा मजला झाला. फिरते यंत्र लोकांच्या पायांमधून फिरू लागले, आणि कुंपण मात्र कोणीच घातले नाही. म्हणून आज त्या यंत्रात केवळ कामगाराचाच नव्हे, तर वाटेने जाणाऱ्या माणसाचाही पाय सापडतो.

बंदीचा धडा

मग या गाड्यांवर सरसकट बंदी घालावी काय? या बाबतीत परदेशांतील अनुभव तपासून पाहण्यासारखा आहे. सिंगापूरमध्ये विजेची स्कूटर म्हणजे लहान चाकांची, फळीवर उभे राहून चालवावयाची गाडी. सप्टेंबर २०१९ मध्ये अशा स्कूटरशी टक्कर होऊन सायकलवरील एक ६५ वर्षांची स्त्री दगावली. लोकांत संताप उसळला, आणि ५ नोव्हेंबर २०१९ पासून पदपथावर या स्कूटरना बंदी झाली. पादचाऱ्यांना दिलासा मिळाला हे खरे. परंतु रस्त्यावर या स्कूटरना आधीच मनाई होती, त्यामुळे अन्न घरपोच पोहोचवणाऱ्या हजारो तरुणांचे पोट एका रात्रीत धोक्यात आले. ते जमावाने आपापल्या लोकप्रतिनिधींकडे गेले. अखेर सरकारने, कंपन्यांसह, वाहन बदलण्यासाठी ७० लाख सिंगापूर डॉलरचे साहाय्य जाहीर केले. म्हणजे बंदीचा पहिला घाव वाहन चालवणाऱ्यावर पडला, वाहन चालवून घेणाऱ्यावर नव्हे.

पॅरिसमध्येही अशाच उभ्याने चालवावयाच्या, पण भाड्याच्या, स्कूटरनी पदपथ व्यापले होते. २ एप्रिल २०२३ रोजी तेथे सार्वमत घेण्यात आले. मतदान जेमतेम साडेसात टक्के झाले, तरी मत देणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांनी भाड्याच्या स्कूटरविरुद्ध कौल दिला, आणि त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून त्या शहरातून हद्दपार झाल्या. येथे निर्बंध खाजगी वापरावर नव्हता, कंपन्यांच्या धंद्यावर होता, हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे.

चीनमध्ये विजेच्या दुचाकी आपल्याहून कितीतरी अधिक आहेत. तेथे एप्रिल २०१९ पासून वेगाची २५ किलोमीटरची आणि वजनाची ५५ किलोची मर्यादा अमलात आली. पण त्याहून महत्त्वाचे पाऊल जुलै २०२१ चे आहे. अन्न पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी कामगाराचे मोजमाप सर्वांत कठोर गणितावर करू नये, वेळेची मर्यादा सैल करावी, असे निर्देश सरकारी खात्यांनी दिले. जुलै २०२२ पासून सात प्रांत व शहरांत अशा कामगारांसाठी कामावरील इजेच्या विम्याचा प्रयोग सुरू झाला. एवढ्याने तेथील प्रश्न सुटला असे नव्हे. तेथील कामगारांचीही धावपळ थांबलेली नाही. परंतु कंपनीच्या घड्याळात शासन हात घालू शकते, ही गोष्ट त्यामुळे सिद्ध झाली. 'संगणकाचे गणित हे धंद्याचे गुपित आहे' या सबबीत काही अर्थ उरत नाही.

पदपथ कोणासाठी?

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ खालील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे; परंतु एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. याच कलमाखाली १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला होता, आणि तरीही झोपड्या हटवण्याची वाट मोकळी ठेवली होती. पदपथ 'मोकळा' करण्याचा हुकूम निघाला, की महापालिकेची गाडी प्रथम भाजीवालीच्या टोपलीवर चालून जाते. फुकटात उभ्या केलेल्या मोटारीला मात्र कोणी हात लावीत नाही. पादचारी, फेरीवाला आणि दुचाकीवरचा कामगार या तिघांत हातभर वाटेसाठी भांडण लावून देणे सोपे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वस्तीच्या भागातही चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. ही रुंदी उड्डाणपुलांवर आणि मोटारींच्या मार्गांवर होणाऱ्या खर्चातून काढावयाची, की फेरीवाल्याच्या पोटातून, हा राजकीय प्रश्न आहे, अभियांत्रिकीचा नव्हे.

जबाबदारी मालकाची

या परिस्थितीत जनतेच्या बाजूने मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. खाजगी वापराची मंद दुचाकी आणि धंद्यासाठी वापरली जाणारी दुचाकी यांत कायद्याने भेद करावा. धंद्यात लावलेल्या प्रत्येक गाडीला, तिची मोटार कितीही लहान असो, क्रमांक आणि त्रयस्थाचा विमा सक्तीचा असावा, आणि त्याचा हप्ता कंपनीने भरावा. वेग वाढवण्याच्या फेरफाराबद्दल शिक्षा व्हावी ती बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि भाड्याने देणाऱ्याला. शेवटच्या कडीवरच्या पोराला पकडून समाधान मानू नये. कामाच्या वेळेत झालेल्या प्रत्येक अपघाताची नोंद कंपनीच्या नावावर व्हावी, आणि ती जाहीर व्हावी. दुचाकीलाही मंद गतीत सौम्य सूचना देणारा आवाज असावा. नगाच्या मजुरीऐवजी वाट पाहण्याच्या वेळेसह तासाचे किमान वेतन द्यावे, आणि मिनिटांच्या आश्वासनांना जाहिरातीत व आज्ञावलीत कायद्याने मज्जाव करावा. आणि या श्रमिकांना 'भागीदार' या गोंडस नावाखाली न ठेवता कामगार म्हणून मान्यता द्यावी.

यांपैकी एकही मागणी पादचाऱ्याविरुद्ध नाही, आणि कामगाराविरुद्धही नाही. ज्या दिवशी दुचाकीवरील तरुणाला तासाचे वेतन मिळेल, त्या दिवशी पदपथावर चढण्याचे त्याचे मुख्य कारणच नाहीसे होईल. म्हणून पदपथावरील म्हातारीच्या सुरक्षिततेचा लढा आणि त्या तरुणाच्या वेतनाचा लढा हे दोन लढे नव्हेत. वस्तीतील नागरिक समित्यांनी आणि कामगार संघटनांनी ही गोष्ट एकत्र बसून बोलली पाहिजे. गर्दीत धरलेली गचांडी सोडवून दोघांनी मिळून ज्याच्या दाराशी जावयाचे, ते दार कंपनीचे आहे, आणि त्याला सूट देणाऱ्या सरकारचे आहे. अपघाताचा हिशेब तेथेच मागावयाचा आहे.